जनाकाकांचा अर्धा धवला

'जॉनी' अशी हाक मारली तर जनाकाका वळून बघत नसत. ऐकू येत नसे असं नाही. धाटावच्या कुठल्या कंपनीचा भोंगा आज किती बेसूर वाजला, हे रोह्याच्या खोलीत बसून सांगणारा माणूस तो. कान शेवटपर्यंत शाबूत होते. पण ते नाव त्यांनी एकदा खाली ठेवलं होतं, आणि खाली ठेवलेलं पुन्हा उचलायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांचं ठरलं की ठरलं. आमच्या घरात निर्धार हा शब्द रोज छापला जायचा. तो चालता-बोलता बघायचा तर जनाकाकांच्या खोलीवर जावं लागे.

त्यांचं नाव जनार्दन घरत. पेणच्या खारेपाटातले, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. पोलिसांच्या बँडमध्ये बिगुल शिकले आणि ऐन तारुण्यात मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात ट्रंपेट वाजवायला उभे राहिले. तिथल्या मॅनेजरने नाव विचारलं. यांनी सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "हे नाव बाहेर फलकावर लावलं तर नाचायला येणाऱ्यांना वाटेल, आत कीर्तन आहे." आणि उभ्या उभ्या त्याने घरतचा गॅरेट केला, जनार्दनचा जॉनी केला. जॉनी गॅरेट. दुसऱ्या दिवशी फलक रंगवूनही आला.

हे सांगताना काका हसत. मला हसू येत नसे. माणसाच्या श्रमाचं मोल कमी दिलं तर निदान भांडता येतं. त्याचं नावच काढून घेतलं तर भांडायचं कोणाच्या नावाने? मी तसं तावातावाने म्हटलं की काका बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणायचे, "लिव गो पत्रकवाली, लिव. पन आदी चाय पी."

मला ते पत्रकवालीच म्हणत. वडील आणि ते धाटावला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. वडील युनियनचे. आमच्याकडे उरलेली पत्रकं अंथरून त्यांवर जेवण व्हायचं. पहिलीच्या पुस्तकाआधी मी 'कामगार बंधूंनो' वाचायला शिकले. जनाकाका मात्र पत्रक कधी वाचत नसत. त्याची घडी घालून ट्रंपेटच्या पेटीत ठेवत, दमट हवा लागू नये म्हणून. मला त्याचा राग यायचा. पुढे लक्षात आलं, त्या पेटीत ते दुसरं काहीही ठेवत नसत.

ओठांना फार जपायचे. चहा निवल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. थंडीत खोबरेल लावायचं. सुक्या मासळीचा काटा असेल तर अख्खा तुकडा बाजूला सारायचा. कंपनीत एकदा कुणीतरी थट्टेत यांच्या तोंडावर हात उगारला, तर यांनी दोन्ही हात डोक्यावर न नेता ओठांवर नेले. बाकीचे हसले. "डोका फुटला तं टाके घालतील," काका म्हणाले, "वठ फुटला तं मी मेलो."

बँड का सोडला, हे कोणी विचारलं की एका वाक्यात संपवत. "हॉटेलातला नाच बंद पडला म्हून आलो. त्यात रडायचा काय?" त्यानंतर कंपनीतली नोकरी, लग्नसराईत रोह्याच्या बँडबरोबर वराती, आणि सुट्टीत बँडच्या पोरांना शिकवणं. एवढंच. त्यांना कोणी विसरलं आहे, असं त्यांना कधी वाटल्याचं मी पाहिलं नाही.

भोंग्याची गोष्ट सांगायलाच हवी. पगारवाढीच्या मागण्यांचं पत्रक निघत होतं. काकांनी वडिलांना सांगितलं, "शेवटी येक माजी मागनी घाल. कंपनीनं भोंगा सुरात लावावा."

वडील म्हणाले, "जनाभाऊ, लोक हसतील."

"हसू देत. रोज तीन शिफ्टला कानात घान वततात, ती फुकट काय?"

पुढाऱ्यांनी ती मागणी खोडली. पण गेटसभेला पुढारी बोलायला उभे राहिले आणि कंपनीने मुद्दाम भोंगा सुरू केला. थांबेचना. पुढाऱ्यांचं तोंड हलत होतं, शब्द ऐकू येत नव्हता. गर्दी चुळबुळू लागली, मागची माणसं निघूही लागली. तेव्हा काकांनी पेटी उघडली. ते भोंग्याच्या विरुद्ध वाजवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं केलं नाही. भोंग्याचा तो बेसूर ओरडाच त्यांनी आधार म्हणून धरला, आणि त्याच्यावर एक नाचरी, खट्याळ चाल रचायला घेतली. भोंगा त्यांचा साथीदार झाला. माणसं हसायला लागली, मग टाळ्यांचा ठेका धरला, गेलेले परत आले. थोड्या वेळाने आतून कोणीतरी भोंगा बंद केला. काकांनी ट्रंपेट खाली घेतला आणि पुढाऱ्यांना म्हणाले, "बोला आता. पन थोरक्यात."

मी पत्रकांचा गठ्ठा पोटाशी धरून उभी होते. एकही पत्रक वाटायचं मला सुचलं नाही.

काका निवृत्त होऊन खाडीकडेच्या आपल्या गावी राहायला गेले. पुढचे दात पडले, तसा ट्रंपेटही थांबला. ट्रंपेटचा दाब दातांवर येतो. दात नाहीत तर ओठ टेकायचा कशावर? पेटी फळीवर गेली. मी मधूनमधून पेणला उतरून त्यांच्याकडे जाई. ते घरापुढच्या खळ्यात बसून पावटे सोलत असत आणि मला विचारत, "काय गो, आज कोनाच्या नावानं शिमगा?"

आणि मग मुंबईचे लोक आले.

ते कसे आले, ते दस्तूरसाहेबांनी मला स्वतः सांगितलं. दस्तूर हे निवृत्त पारशी इंजिनिअर, जॅझचे जन्माचे वेडे. त्यांची काही मित्रांची टोळी होती. जुन्या तबकड्या जमवायच्या, रविवारी एकत्र बसून ऐकायच्या, भांडायचं. जॉनी गॅरेटची एकच तबकडी त्यांच्याकडे होती आणि तिच्यावरचा ट्रंपेटचा सोलो त्यांना तोंडपाठ होता. वाजवणाऱ्याचा मात्र पत्ता नव्हता. गॅरेट म्हणजे अँग्लो-इंडियन, अँग्लो-इंडियन म्हणजे ऑस्ट्रेलियाला गेला असणार, असा त्यांनी हिशेब मांडला आणि पर्थच्या चर्चना, क्लबांना, वर्तमानपत्रांना वर्षानुवर्षं पत्रं पाठवली. तिकडच्या एका भल्या गॅरेटबाईंनी त्यांना नाताळाचं भेटकार्डही पाठवायला सुरुवात केली.

मग एकदा दस्तूर गोव्याला निघाले असता कोलाडला वरातीमागे गाडी अडकली. बँडमधल्या ट्रंपेटवाल्याने एक चाल घेतली, अर्ध्यात थांबला, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केली. दस्तूर गाडीतून उतरून वरातीत घुसले. नवरदेवाच्या मामाला वाटलं, नाचायला आले. त्याने यांच्या डोक्याला फेटा बांधला. फेट्यासकट त्यांनी ट्रंपेटवाल्याला गाठलं आणि विचारलं, ही चाल कुठली?

"आमच्या जनाकाकांची. धाटावला कंपनीत होते ते."

दस्तूर गोव्याला गेलेच नाहीत.

ते खळ्यात आले त्या दुपारी मी तिथे होते. बरोबर लॉरेन्स नावाचा तरुण होता. तो बास वाजवायचा, ते माणसाएवढं उंच तंतुवाद्य. दस्तूरांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "जॉनी गॅरेट!"

काका पावटे सोलत राहिले.

मी हळूच सांगितलं, "घरत म्हणा. जनार्दन घरत."

"मिस्टर घरत," दस्तूर म्हणाले.

"या, बसा," काकांनी मान वर केली. "ऊन हाय. पानी घ्या."

दस्तूरांनी बॅटरीवरचा प्लेअर आणला होता. तबकडी लावली. आपला तो सोलो काकांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तबकडी त्यांच्याकडे नव्हतीच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते गहिवरतील असं आम्हा तिघांनाही वाटत असावं. काकांनी कान तिरका केला, एका जागी नाक मुरडलं आणि म्हणाले, "हितं चोरी केलीय मी. सूर लागला नाय, तं खालून सरकवलाय."

"आम्ही त्याला शैली समजत होतो!" दस्तूर आनंदाने ओरडले. ही खरी रसिक माणसं. आपलं चुकलं याचासुद्धा त्यांना आनंद व्हायचा.

मग ती जागा आली. सोलोच्या मध्यावर ट्रंपेट एकदम थांबतो. मागे फक्त ड्रमवर ब्रश फिरत राहतात. बऱ्याच वेळाने ट्रंपेट पुन्हा उठतो. दस्तूरांनी बोट वर केलं. "ही शांतता. आम्ही किती वर्षं हिच्यावर भांडतो. मी म्हणतो हे दुःख आहे. माझा मित्र म्हणतो, नाही, हे बंड आहे. आता तुम्हीच सांगा."

काकांनी विचार केला. "पानी," ते म्हणाले.

"पाणी?"

"बाज्यात फुंकून फुंकून पानी साठतंय ना. खाली किल्ली असते, ती दाबून काढायला लागतंय. नाय काढला तं गुळगुळ आवाज येतंय. ते काढीत होतो."

लॉरेन्स हसून हसून खळ्यात आडवा झाला. दस्तूरांचा चेहरा पडला. दुःख नाही, बंड नाही, थुंकी! पण जाताना ते फाटकातून परत आले. त्यांच्या टोळीला मुंबईच्या एका सभागृहात कार्यक्रम करायचा होता. 'जॉनी गॅरेट परत आला', असा.

"कोन परत आला?" काकांनी विचारलं. "मी कुटं गेलतो? मी तं रोज शिफ्टला जात होतो."

हे वाक्य मी घरी जाऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. अजून आहे.

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, खरंच पाणीच काढत होता?"

"खराच. पन तो अर्धा खरा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत ब्राह्मणाइतकाच मान धवलारणीचा. मांडव उभा राहिल्यापासून प्रत्येक विधीला ती धवला गाते, देवांना बोलावते. धवला एकटीने होत नाही. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती उचलते आणि पुरी करते. काकांच्या घरी आई ओळ टाकायची आणि थोरली बहीण हिराबाय उचलायची. हे लहानपणी दोघींच्या मध्ये बसायचे. एका कानात ओळ, दुसऱ्या कानात उत्तर.

"हॉटेलात तो सोलो वाजवायचा होता तवा मना दुसरा काय येत नव्हता गो. बाकीचे गोव्याचे, चर्चमदी शिकलेले. माज्याकडं काय, तं आयेचा धवला. तो वाजवला. आयेची ओळ वाजवली नि थांबलो. पुढची ओळ हिराबायची. ती मी कशी वाजवनार? तवरा येळ गप उबा. मंग म्हटला, उबाच हाव तं पानी तरी काढू."

तबकडी निघाली, चहाच्या दुकानात वाजली, गावातल्या बायकांनी चाल ओळखली. आई काही बोलली नाही. हिराबाय मात्र बोलली. मांडवातला धवला हा दारू पिऊन नाचणाऱ्यांपुढे घेऊन गेला, आणि तोही अर्धाच टाकून आला. तेव्हापासून भावाचं तिच्याकडे येणंजाणं होतं, भाऊबीज होती, जेवणखाण होतं. पण घरच्या कुठल्याही मांडवात त्याचा बाजा चालत नव्हता. जनाकाका अख्ख्या तालुक्याच्या वराती वाजवत, आणि स्वतःच्या भाचीच्या लग्नात हात बांधून बसले होते.

"मुंबईला नाय जायाचा," ते शेवटी म्हणाले. "हिराबायचा नातू लगनाचा हाय. त्या मांडवात वाजवायचा. नि ती जागा तिनं भरायची. बस. मंग तुमचा दस्तूर काय बोलल तो करीन."

दात नव्हते. आणि हिराबाय ऐकणारी नव्हती. दोन्ही गोष्टी मी त्यांना बोलून दाखवल्या. काकांनी फळीवरची पेटी खाली काढली.

पेणच्या दातांच्या डॉक्टरने कवळी बसवली आणि बजावलं, "आजोबा, ही भाकरी खायला आहे. बाजा वाजवायला नाही." काकांनी हो म्हटलं, आणि दवाखान्याच्या पायरीवरच माउथपीस काढून तोंडाला लावला. कवळी निसटली. दुसऱ्या खेपेला ते डॉक्टरच्या खुर्चीत ट्रंपेट घेऊनच बसले. डॉक्टर घासायचे, हे फुंकायचे. बाहेर थांबलेले रोगी आत डोकावून जायचे.

रियाज मिठागराच्या बांधावर. सकाळी बायका मीठ ओढत असत आणि हे त्यांच्याकडे पाठ करून उभे. पहिला आवाज निघाला तो असा, की एकीने हातातली मीठ ओढायची फळी टाकली.

"जनाभाव, कोनाची म्हस व्यालीय?"

"व्यालीय ना," कवळी सावरत काका म्हणाले. "उद्या बग, रेडकू उबा राहील."

उद्या राहिलं नाही. परवाही नाही. ओठांतून रक्त यायचं, तेव्हा मिठाच्या पाण्याने चूळ भरून पुन्हा सुरू. मी एकदा म्हणाले, काका, या वयात हा हट्ट कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कंपनीच्या बाजूने बोलले. पाऊस संपला, मिठागरं पुन्हा भरली, आणि एक दिवस त्या बायकांपैकी कोणीच थट्टा केली नाही. त्या फळी ओढता ओढता थांबल्या होत्या, इतकंच.

हिराबायकडे मला पाठवलं. "पत्रकं लिवतेस ना, लोकांना जागं करतेस ना? मंग येक म्हातारी पटवून दाखव."

मी तयारी करून गेले. हिराबाय ओटीवर भिजवलेले वाल सोलत होती. लहानखुरी, ताठ, कपाळावर मोठं कुंकू. मी सुरुवात केली. कला कोणाची मालकी नसते, ती कष्टकऱ्यांच्या तोंडून येते आणि जगभर जाते, तुमच्या आईचा धवला सातासमुद्रापलीकडच्या संगीतात जाऊन उभा राहिला, याचा अभिमान... तिने मला पुरं बोलू दिलं.

"तू कोनाची गो?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"लगीन जालाय?"

"नाही. आणि केलं तर नोंदणी पद्धतीने करणार. मांडव नाही, हुंडा नाही, मानपान नाही."

"बरा," ती म्हणाली. "मंग तुना धवल्याचा काय कललाय?" आणि वालांचं टोपलं माझ्यासमोर सरकवलं. "सोल."

मी सोलू लागले. टोपलं अर्धं झालं तेव्हा ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "नेला त्याचा मना काय नाय. आयेचा व्हता, त्याचा पन व्हता. पन अर्धा टाकून कोन उठतंय का? मी हितं चहाच्या दुकानाभायेर डोईवर हांडा घेऊन उबी. आयेची ओळ ऐकली, नि माजा तोंड उघडला. तवर तो पुढं निघून गेला. सगल्या गावात माजा तोंड उघडाच रायला."

हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. मी एवढंच विचारलं, "मग लग्नात त्यांनी वाजवलं तर?"

"मांडवात माजा राज. भायेर गाव पडलाय. भायेर कोनी काय वाजवल, माजा काय जातंय?"

हे काकांना सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले. "बास. भायेर तं भायेर."

मुंबईकरांना निरोप गेला: कार्यक्रम मुंबईत नाही, खारेपाटात, सभागृहात नाही, लग्नात, तिकीट नाही, जेवण आहे. पत्रिकेत वादकाचं नाव जनार्दन घरत, नवऱ्याचे आजोबा. टोळीतल्या काहींना हा वेडेपणा वाटला. ते आले नाहीत. दस्तूर आले, कोलाडचा तो फेटा डोक्यावर घालून. लॉरेन्स आला, टेम्पोत बास घालून. ती पेटी उतरली तेव्हा गाव जमा झालं.

"आत कोन हाय?"

"एवरी मोठी सारंगी? वाजवतो का तिच्यात निजतो?"

लॉरेन्सने दोन तारा छेडून दाखवल्या. जमिनीतून आल्यासारखा तो आवाज ऐकून एक म्हातारा म्हणाला, "चालल. ढोल नाय आनला तरी चालल."

मांडव सकाळीच उभा राहिला होता. उंबराची फांदी, आंब्याचे डहाळे, खाली ताज्या शेणाने सारवलेलं. नवरा पाटावर, हिराबाय आणि तिची सोबतीण बाजूला. हळद लागत होती. हिराबाय ओळ टाकत होती, सोबतीण उचलत होती. तिचा आवाज फार वर जात नव्हता, पण हलत नव्हता. धवला संपला. बायका पाणी प्यायल्या.

जनाकाका मांडवाच्या शेवटच्या खांबाबाहेर, उन्हात उभे होते. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. चपला काढल्या नव्हत्या. आत जायचं नव्हतं. त्यांनी लॉरेन्सकडे पाहून मान हलवली आणि ट्रंपेट ओठांना लावला.

आईची ओळ. बांधावर मी ती शंभरदा ऐकली होती, मांडवासमोर पहिल्यांदाच. ओळ संपली. काका थांबले.

दस्तूर डोळे मिटून बसले होते. त्यांना त्या शांततेची सवय होती. बायका हिराबायकडे पाहत होत्या. हिराबाय नातवाच्या पायाला हळद लावत होती. लावत राहिली.

तबकडीवर इथून ट्रंपेट पुढे जातो. काका पुढे गेले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तीच ओळ घेतली. तिथेच थांबले. स्वयंपाकाच्या चुलीवरून कोणीतरी "काय जाला?" म्हणून आलं आणि तिथेच उभं राहिलं.

पुन्हा घेतली. या वेळी वरच्या सुराला कवळी हलली आणि सूर फाटला. कुणीतरी पोर हसलं. काकांनी पाठ फिरवली, कवळी बसवली, परत तोंड केलं. ओठाच्या कडेला लाल दिसत होतं. लॉरेन्स माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होता, थांबवू या का? मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना थांबवणारी मी कोण?

त्यांनी पुन्हा ट्रंपेट उचलला, आणि हिराबाय बोलली. मान वर न करता, हळदीची वाटी हातात धरूनच.

"जना."

ट्रंपेट तिथेच राहिला.

"खाली घे. तवरा वर माज्याच्यान चढत नाय आता."

काकांनी मान हलवली.

"नि उनात कशाला उबा? आत ये."

त्यांनी चपला काढल्या. खांबाच्या आत एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि सारवलेल्या जमिनीवर हिराबायच्या समोर जाऊन उभे राहिले. नवी पट्टी लॉरेन्सला सांगायला ते विसरले. त्याने दोन-तीन तारा चाचपल्या आणि शोधून काढली. काकांनी ओळ घेतली, खालच्या सुरात, सावकाश, आपल्या नव्हे तर तिच्या दमाने. ओळ संपली.

हिराबायने ती उचलली.

ती कशी गायली हे मला लिहिता येणार नाही, आणि त्या दिवशी मी तिच्याकडे बघतही नव्हते. मी जनाकाकांकडे बघत होते. बहीण गात होती, मांडवातल्या साऱ्या बायका तिच्यामागे होत्या, दस्तूर फेटा काढून मांडीवर घेऊन बसले होते. आणि काका मान खाली घालून, ट्रंपेट तिरका धरून, अंगठ्याने खालची ती बारकी किल्ली दाबून उभे होते. थेंब थेंब पाणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडत होतं. घाई नव्हती. तिची ओळ अजून बरीच बाकी होती.